पावणेदोन लाखांपुढे गेलेली लिनिया: चेन आधी, रीमॅप नंतर

प्रश्न : वडिलांची डिसेंबर २०११ ची फियाट लिनिया १.३ मल्टिजेट आता माझ्याकडे आली आहे. १,७८,००० किलोमीटर झालेत. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड होते, मग थांबते. कुंभार्ली घाटात ओढत नाही, काळा धूर मारते आणि कधी कधी इंजिनचा दिवा लागतो. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडून ठोका येतो. एसी गाडी पळताना गार होतो, सिग्नलला उभी राहिली की गरम. तापमानाचा काटा पूर्वी मध्यावर असायचा, आता खालीच असतो. हेडलाइट पिवळे पडलेत. मेकॅनिक म्हणतात, "हाफ इंजिन करा, नाहीतर विकून टाका." घरी मोकळी जागा आहे, गोटी पान्यांचा सेट आहे, बाइकची सर्व्हिसिंग मी स्वतः करतो. सव्वा लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. रीमॅप, सोळा इंची अलॉय आणि चांगली म्युझिक सिस्टिम मनात आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : नमस्कार. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत हाफ इंजिन (इंजिन उघडून पिस्टन-रिंग वगैरे बदलणं) करण्यासारखं एकही नाही. पिस्टन-रिंग गेलेली गाडी निळा धूर मारते, ऑईल पिते, डिपस्टिकच्या नळीतून वाफ फेकते. यातलं काही तुमच्या पत्रात नाही. जे आहे ते बहुतेक सगळं घरच्या पार्किंगमध्ये शोधता येईल, आणि निम्म्याहून अधिक तिथेच दुरुस्त होईल.

रीमॅपबद्दल (इंजिनच्या संगणकाचा, म्हणजे ईसीयूचा, प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याबद्दल) आधीच स्पष्ट सांगतो: या गाडीवर आत्ता नको. कंपनीतून निघाली तेव्हा लिनिया डिझेलची ताकद ९३ पीएस आणि २०९ न्यूटन-मीटर होती. आज ती घाटात ओढत नाही, कारण यातलं बरंच कुठेतरी गळून जातंय. ते परत मिळवलंत की गाडी बदलल्यासारखी वाटेल. ते न करता रीमॅप केलंत तर ईसीयू आणखी डिझेल आणि आणखी टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब मागेल. हवेचा फाटका होज (रबरी पाइप) आणखी फाटेल, क्लच घसरेल, आणि सैल चेनवर जास्तीचा भार येईल.

तुमच्या बाजूची एक मोठी गोष्ट म्हणजे हे १२४८ सीसीचं इंजिन. २००३ साली आलेलं हे इंजिन आपल्याकडे फियाटपुरतं राहिलं नाही. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांच्या 'डीडीआयएस'मध्ये आणि टाटा व्हिस्टा, मांझाच्या 'क्वाड्राजेट'मध्ये मुळात हेच इंजिन आहे. त्यामुळे ऑईल फिल्टर, चेन किट, पॅकिंग, ग्लो प्लग असा माल तालुक्याच्या गावातही मिळतो. टर्बो, डिझेल फवारणारे नोझल आणि सेन्सर मात्र जुन्या भागावरचा नंबर जुळवूनच घ्या. लिनियाचा टर्बो व्हेरिएबल, म्हणजे हलत्या पंख्यांचा आहे, साध्या स्विफ्टचा तसा नाही. अडचण येते ती बॉडीच्या मालाची: दिवे, काचा, दारांची रबरं, आतलं प्लॅस्टिक. ते मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत फिरून शोधावं लागतं. चांगलं दिसलं तर गरज नसतानाही घेऊन ठेवा.

आधी खडखड

थंड इंजिनला दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांतता, हे टाइमिंग चेनच्या (क्रँक आणि कॅम यांना जोडून व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीच्या) टेन्शनरचं लक्षण आहे. या इंजिनात टाइमिंगचा पट्टा नाही, चेन आहे, आणि तिला ताण देणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑईल खाली उतरतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन गाइडवर आपटते. तेवढंच असेल तर घाई नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही बॉनेटच्या उजव्या टोकाकडून, म्हणजे पट्ट्याच्या बाजूने, डब्यात खिळे हलवल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर चेन ताणली गेली आहे. स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर) क्रँक आणि कॅमचा ताळमेळ बिघडल्याचा पी००१६ कोड दिसला तर शंका घ्यायलाच नको. तशी गाडी घाटात नेऊ नका. चेन सुटली किंवा तुटली की रॉकर आर्म मोडतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग मेकॅनिकचं हाफ इंजिनचं म्हणणं खरं होऊन बसतं.

चेन ताणते ती मुख्यतः ऑईलमुळे. मॅन्युअलमध्ये लांबचा टप्पा दिलेला असतो. आपल्या धुळीत आणि रोजच्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो पाळला की ऑईल काजळीने घट्ट होतं आणि टेन्शनरची बारीक छिद्रं तुंबतात. ऑईल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. काळसर पातळ थर असेल तर ठीक. बोटाने खरवडता येईल असा काळा लोण्यासारखा गाळ असेल तर चेंबरमधल्या (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतल्या) जाळीवरही तो बसला आहे असं धरून चाला.

म्हणून पहिलं काम ऑईल. ५डब्ल्यू-४०, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर एसीईए सी३ लिहिलेलं. फिल्टरसकट साधारण तीन लिटर लागतं, साडेतीन लिटर घरात ठेवा. इंजिन गरम करून बंद करा, ऑईल भरायचं झाकण उघडा, चेंबरचा नट सोडा आणि किमान पंधरा मिनिटं थेंबथेंब गळू द्या. फिल्टर कागदी आहे, प्लॅस्टिकच्या टोपीत बसतो. टोपीची रबरी रिंग नवीन घाला आणि तिला ऑईल लावूनच बसवा. कोरडी रिंग मुरगळते आणि तिथून ऑईल झिरपायला लागतं. चेंबरच्या नटाचा वायसरही नवा हवा. आधी पावणेतीन लिटर भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून वरच्या खुणेच्या थोडं खाली येईपर्यंत भरा. वरच्या खुणेपलीकडे अजिबात नाही. डिझेल इंजिनात जादा ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेने आत खेचलं गेलं, तर इंजिन त्या ऑईलवरच पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

इंजिन फ्लशच्या बाटल्या या वयाच्या इंजिनात ओतू नका. गाळ एकदम सुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा हे पहिलं ऑईल दोन हजार किलोमीटरला काढून टाका, फिल्टरही बदला. पुढे दर साडेसात हजारांना. दुसऱ्या ऑईलनंतरही खडखड तितकीच राहिली तर चेन किट घालायचं, आणि हे काम घरी करायचं नाही. इंजिनला खालून आधार देऊन उजवा माउंटिंग काढावा लागतो, चेंबर आणि पुढचं कव्हर उतरवावं लागतं, आणि दोन्ही कॅम व क्रँक पिनांनी लॉक केल्याशिवाय चेनला हात लावता येत नाही. ज्या मेकॅनिककडे या इंजिनाच्या लॉकिंग पिना आहेत त्याच्याकडेच गाडी द्या. 'पांढरी खूण करून बसवतो' म्हणणाऱ्याकडे नको. किटमध्ये चेन, गाइड, टेन्शनर आणि दातेरी चाकं असं सगळं घ्या. चेंबर खाली आलंच आहे तर जाळी डिझेलने धुवा, क्रँकचं पुढचं सील बदला, वॉटर पंप आणि बाहेरचा पट्टाही नवा घाला. नंतर त्यांच्यासाठी पुन्हा मजुरी द्यायला नको.

काळा धूर आणि घाटातला जीव गेलेला पिकअप

काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं, हवा कमी. हवा कुठे हरवते ते शोधायचं. इथेच लोक उगाच नोझल काढून पंपवाल्याकडे पाठवतात.

आधी एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे होज. होजच्या आत ऑईलचा हलका थर असतो, तो चालतो. बाहेरून ओलं, काळं, चिकट दिसलं तर तिथे गळती. फट बहुतेक वेळा क्लिपच्या खाली आणि होजच्या तळाच्या बाजूला असते, वरून पाहून कळत नाही. होज काढून हातात वाकवा, म्हणजे भेग तोंड उघडते. इंजिन चालू असताना कुणाला तरी अडीच हजार आरपीएमवर धरायला सांगून जवळ कान नेला तर फुसफुस ऐकू येते. हात आणि कपडे पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

दुसरी जागा टर्बोचा व्हॅक्यूम. टर्बोच्या पंख्यांना हलवणारी एक दांडी असते, ती व्हॅक्यूमवर चालते. इंजिन चालू केलं की ती ओढली जाते, बंद केलं की सुटते. हालचाल एकसंध हवी. हललीच नाही तर आधी पातळ रबरी नळ्या तपासा. पंधरा वर्षांत त्या बिस्किटासारख्या कडक होतात आणि टोकाला चिरतात. टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं की कधी कधी तिथेच काम संपतं. नळ्या ठीक असून दांडी अडखळत असेल तर टर्बोच्या आत काजळी बसली आहे, तो उतरवून साफ करावा लागेल. एअर होज काढलाच आहे तर थंड इंजिनवर टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. बाजूला अगदी किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हलला किंवा पंखा कवचाला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला.

तिसरी जागा ईजीआर व्हॉल्व्ह. सायलेन्सरचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला की ताज्या हवेची जागा धूर घेतो. काढा, वीज असलेला भाग वर धरून कार्ब क्लीनर मारा, लाकडी काडीने खरवडा, नवीन पॅकिंग घालून बसवा. तो बुजवणारी पट्टी मात्र घालू नका. बेकायदेशीर तर आहेच, आणि पुढे आरटीओची तपासणी आहे. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा, कार्ब क्लीनरने नव्हे. आत बोट किंवा कापूस घालू नका.

या सगळ्याच्या आधी एक स्कॅनर घ्या. चांगल्या दर्जाचा ईएलएम३२७ अडॅप्टर आणि फियाट ओळखणारं मल्टिईसीयूस्कॅन किंवा अल्फाओबीडी हे सॉफ्टवेअर. फार स्वस्त नकली अडॅप्टर मध्येच संपर्क तोडतात. एबीएस आणि एअरबॅग वाचायला फियाटला वेगळे रंगीत जोड लागतात, ते नंतर घेतले तरी चालेल. चढावर, शेजारी कुणी बसलेलं असताना, 'मागितलेला दाब' आणि 'मिळालेला दाब' हे दोन आकडे नोंदवायला सांगा. मिळालेला सतत मागे राहत असेल तर गळती किंवा व्हॅक्यूम. मागितल्याच्या वर उसळी मारून लगेच इंजिनची ताकद गेली आणि दिवा लागला तर पंखे अडकलेत. या दोन आकड्यांनी हजारो रुपयांचे अंदाज वाचतात.

हवेच्या बाजूला काहीच सापडलं नाही तरच नोझल. त्यांची घरगुती परीक्षा म्हणजे रिटर्नची: चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, दोन मिनिटं इंजिन चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा ठळकपणे जास्त डिझेल आलं तर तो नोझल आतून गळतो. नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि 'छक्-छक्' आवाज असेल तर खालचा तांब्याचा वायसर गेलाय. तो प्रत्येक वेळी नवाच घालायचा, जुना पुन्हा वापरायचा नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या लोखंडी नळीचा नट कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. केसाएवढी धारसुद्धा कातडीतून आत शिरते आणि थेट ऑपरेशनपर्यंत नेते.

डिझेल फिल्टर बदलायचा असेल तर नवीन बसवून चावी ऑन करून दहा सेकंद थांबा, ऑफ करा, असं सहा-सात वेळा. टाकीतला पंप डिझेल भरतो. हवा राहिलेली असताना सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरेल आणि मोठा पंप कोरडा फिरेल.

एसी आणि खाली बसलेला काटा

पळताना गार, उभ्यावर गरम. गॅस कमी आहे असं सांगून कुणी पैसे घेण्याआधी बॉनेट उघडा, एसी लावा आणि रेडिएटरचा पंखा बघा. एसी लावल्यावर तो कमी वेगाने लगेच फिरायला हवा. फिरत नसेल, पण इंजिन फार तापल्यावर एकदम मोठ्या आवाजात फिरत असेल, तर पंख्याच्या चौकटीवर बसवलेला रेझिस्टर जळला आहे. या गाड्यांत हे फार होतं. कमी वेगाची वाट त्या रेझिस्टरमधूनच जाते. तो जळला की फक्त जोराचा वेग उरतो. बॅटरीची वायर सोडून रेझिस्टर बदला. सोबतचं प्लग वितळलं असेल तर तेही कापून नवीन लावा, नाहीतर तोच भाग पुन्हा जळतो. एसीच्या कंडेन्सरची (रेडिएटरपुढची) जाळी नळाच्या साध्या धारेने आतून बाहेर धुवा, प्रेशर वॉशरने नको, पात्या वाकतात. एवढ्यानेही फरक पडला नाही तर एसीवाल्याकडे जा. गॅस भरण्याआधी अर्धा तास व्हॅक्यूम धरायला सांगा आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याच वजनाचा गॅस भरून घ्या.

काटा खाली म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला. इंजिन थंड राहतं, अॅव्हरेज पडतं, काजळी वाढते आणि ऑईलमध्ये ओल राहते. म्हणजे हाच बिघाड वरच्या दोन्ही दुखण्यांना खतपाणी घालतो. स्कॅनरवर मोकळ्या रस्त्यात कूलंटचं तापमान पासष्ट-सत्तरला घसरत असेल तर नक्की. तापलेलं इंजिन नव्वदच्या आसपास टिकायला हवं. थर्मोस्टॅट हौसिंगसकट घ्या. त्याच वेळी सगळं कूलंट काढा, साधं पाणी घालून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, पुन्हा काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग लाल सेंद्रिय आम्लाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. न मिसळलेलं कूलंट चार लिटर आणलं तर पुरतं. हिरवं आणि लाल एकत्र केलं तर आत जेलीसारखा गाळ होतो. बोअरचं पाणी वापरलं तर रेडिएटर चुन्याने भरतो. टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

ठोका

पुढच्या डाव्या ठोक्याचे चार संशयित आहेत: लिंक रॉड, लोअर आर्मचा मागचा बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं उचला आणि घोड्यावर (जॅक स्टँडवर) टेकवा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवा: टाय रॉड. लिंक रॉड हाताने झटकूनच कळतो. बुशचं रबर टॉर्च लावून बघा, चिरलेलं दिसेल. वरचं माउंटिंग तपासायला गाडी जमिनीवर ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवू द्या आणि शॉकअपच्या टोकावर हात ठेवा. 'कट्' असा झटका हाताला लागतो.

लोअर आर्म आख्खा घ्या, जुन्यात बुश दाबून बसवण्यात अर्थ नाही. आणि दोन्ही बाजूंचे बदला. बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाडी हवेत असतानाच बुशचे नट पूर्ण आवळणे. चाक लटकलेलं असताना रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. नट हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग शेवटचा आवळा. शॉकअपची स्प्रिंग उतरवायचं काम मात्र गॅरेजला द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा मोडते. सगळं झाल्यावर अलाइनमेंट.

ब्रेकचं ऑईल डॉट ४, एक लिटर. शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि घाटउतारावर उकळून पॅडल मऊ पडतं. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. गिअर ऑईलही आत्ताच बदला, जीएल-४, ७५डब्ल्यू-८५, साधारण दोन लिटर. आधी भरायचा नट सुटतो का ते पाहा, मगच खालचा सोडा. खालचा काढून ऑईल वाहून गेलं आणि वरचा गंजून बसलेला असला तर गाडी जागची हलणार नाही.

विजेची बारीक दुखणी

इटालियन गाड्यांना वायरिंगवरून नावं ठेवतात. त्यातलं बरंचसं एका वायरचं काम असतं: बॅटरीपासून बॉडी आणि गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचं. खाली चिखल-पाण्यात ती राहते, आत हिरवी पूड धरते आणि वरून धड दिसते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लिपवर नव्हे), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला, बसण्याची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा आणि जोडल्यावर वरून ग्रीस लावा. डॅशबोर्डवर अधूनमधून लागणारे निम्मे इशाऱ्याचे दिवे याने विझतात.

आता तुमची हौस

हेडलाइट आधी, कारण त्यांचा संबंध रात्रीच्या घाटाशी आहे. दिव्याभोवती मास्किंग टेप लावा. पाण्याने ८००, मग १५००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर, दर वेळी आधीच्या रेषांना आडवा. काच धूसर पांढरी दिसली की घाबरू नका, पॉलिशने उजळते. शेवटी यूव्ही क्लिअर कोट हवाच. तो टाळला तर काही महिन्यांत पिवळेपणा पुन्हा येतो. बल्ब मूळ वॅटचेच ठेवा. जास्त वॅटच्या बल्बने होल्डर वितळतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

सोळा इंची चाकांपेक्षा चांगले टायर घ्या. तुमच्याकडे १९५/६० आर १५ असतील तर त्याच मापाचे, आणि बाजूवरचा चार आकडी कोड वाचूनच: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तरीही अलॉय घ्यायचेच असतील तर १९५/५५ आर १६ ची उंची मूळच्या जवळ, जेमतेम एक टक्का जास्त आहे. धोका बोल्टच्या वर्तुळाचा आहे. फियाट घराण्यात ४×९८ आणि ४×१०० दोन्ही चालतात. तुमच्या मूळ चाकाच्या मागे कोरलेला आकडा वाचा आणि तोच मागा. ९८ च्या हबवर १०० चं चाक "बसतंय की" म्हणून आवळून देणारे दुकानदार आहेत. बसतं, पण बोल्ट तिरके राहतात, स्टिअरिंग थरथरते आणि बोल्ट एक दिवस तुटतो.

म्युझिक सिस्टिम बदलताना लिनियाची एक खोड लक्षात ठेवा. मूळ सेटला 'चावी ऑन' हा निरोप वायरने नव्हे, गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या कॅन जाळ्यातून मिळतो. त्यामुळे स्टिअरिंगची बटणं चालवणारा आणि इग्निशनची वायर देणारा कॅन अडॅप्टर घ्या. इलेक्ट्रिशियनने दोन्ही वायरी कायम करंटला जोडल्या तर आठवड्याभरात बॅटरी बसेल. जोडणीनंतर गाडी बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट मोजा, पन्नास मिलिअँपिअरच्या आत हवा. दारांत ब्युटाइल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट पट्टी) लावा, आवाज स्पीकरपेक्षा त्याने जास्त सुधारतो. फक्त दाराच्या तळाची पाण्याची भोकं बुजवू नका.

रीमॅपचं सगळ्यांत शेवटी, वर्षभर गाडी निरोगी चालली तर बघा. त्याआधी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन पाहा. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच संपत आला आहे, रीमॅपचा विषय तिथेच थांबतो. मोटार वाहन कायद्याचं (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) कलम ५२ आणि विमा कंपनीचा पवित्रा हेही लक्षात घ्या.

पैशाची मांडणी अशी करा: निम्मे बाजूला, चेन आणि टर्बो यांच्यासाठी, ते लागले नाहीत तरी चालेल. उरलेल्या निम्म्यात ऑईल, कूलिंग, लोअर आर्म, ब्रेक, टायर. हे सगळं होऊन पैसे उरले तर सेट आणि चाकं.

डिसेंबर २०२६ ला पंधरा वर्षं होतील. नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधी साठ दिवसांत भरता येतो. आरटीओत गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि पास झाली की पाच वर्षं मिळतात. रंग बदलायचा असेल तर तो आरसीवर नोंदवूनच. काळा धूर त्याच्या आधी गेला पाहिजे, म्हणून पावसाळ्याआधी हवेच्या वाटेचं काम उरका.

आणि डिकीत एक डबा ठेवा: बाहेरचा पट्टा (काढलेला जुना, धड असेल तर), फ्यूज, एक रिले, टॉर्च, होज क्लिपा दोन मापांच्या, स्वतःवरच चिकटणारी सिलिकॉन टेप, एक लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धा लिटर तेच ऑईल. कुंभार्लीत होज सुटला तर या डब्यावर तुम्ही चिपळूण गाठाल.